अक्कांनी लिहिलेला बुधवार

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. पाच वाजता आमच्या घरी माणसं येणार आहेत, आत्ता पावणेतीन वाजलेत, आई आत पोह्यांचे कांदे चिरायला बसलीय आणि मी गच्चीच्या जिन्यात मोबाईल घेऊन बसलेय. माणसं आली की मला विचारणार, "पोरी, तुझं म्हणणं तरी काय?" त्याच्या आधी मला नरसम्मा अक्कांबद्दल कुणाला तरी सांगून टाकू दे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, दिवसाला शंभर-सव्वाशे, त्यामुळं बोटं पळतात. शुद्धलेखन बघू नका, अक्का बघा.

तुम्ही कधी अक्कांकडं ब्लाउज शिवायला गेला असतात तर टेप कमरेला लागल्या लागल्या त्यांनी तुम्हाला विचारलं असतं, "काल काय जेवली?" कुणीही असो. कॉलेजची पोरगी असो, डॉक्टरीणबाई असो. तुम्ही म्हणाल, "वरणभात." की अक्का लगेच, "आणि? वरण कशाचं? कुणी केलं? मीठ बरोबर होतं काय?" तुम्ही बोलत राहायचं आणि त्या टेप फिरवत राहायच्या. मला आधी वाटलं, बाईला बोलायची आवड आहे. मग एकदा त्यांनीच सांगितलं. "टेप लागला की बायका पोट आत ओढतात अम्मा. सगळ्या. ऐंशी वर्साची म्हातारी बी ओढती. मग मी त्या ओढलेल्या पोटाचा ब्लाउज शिवायचा आणि त्यांनी घरी जाऊन मला शिव्या द्यायच्या. त्यापेक्षा बोलायला लावायचं. तोंड चालू झालं की पोट जागेवर येतंय."

सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं घर. घर म्हणजे पुढची खोली दुकान, मधे पडदा, पडद्याच्या मागं ट्रायलची जागा, तीच रात्री झोपायची खोली. शेजारी टॉवेलचे माग, त्यामुळं अक्कांच्या दुकानात सगळं बोलणं ओरडून. बाई दिसायला एवढीशी, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, गळ्यात मंगळसूत्रापेक्षा टेपच जास्त. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मागवाल्या चाचांशी दख्खनी, आणि सुई टोचली की तिन्ही एकदम. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्यांनी विड्या वळल्या होत्या. शिवण शिकल्या तिशीनंतर. "विडीचं पान कातरायला आन् गळा कातरायला हात एकच लागतोय," असं म्हणायच्या आणि एकट्याच हसायच्या.

आता माझी गोष्ट. माझं लग्न ठरलं. निखिल, पुण्यात आयटीत, घर सोलापूरचंच. दिसायला चांगला, बोलायला गोड, मला पल्लू म्हणतो, मलाही आवडायचं. साखरपुड्यानंतर महिन्याभरानं त्यानं फोनवर सांगितलं की लग्नाआधी तुझं एक बुडवा शूट करूया. मी म्हटलं, ते काय असतं? म्हणे अगं, खोलीतले फोटो, छान कपडे, थोडे कमी कपडे, क्लासी असतं, बाईच काढते, आता सगळे करतात. सोलापुरातही एक मॅडम करतात, मी बुक केलंय, पर्सनलाइज्ड अल्बम, कव्हरवर आपल्या दोघांची नावं. मला काय वाटलं खरं सांगू? आधी लई भारी वाटलं. कुणीतरी आपल्याकडं असं बघायचं ठरवलंय याचा आनंद होतोच की. मग मॅडमकडून तयारीची यादी आली आणि माझा घाम निघायला लागला.

यादीत होतं, पंधरा दिवस रोज अंगाला लोशन. दोन दिवस आधी वॅक्सिंग, त्याच दिवशी नको, पुरळ येतं. शूटच्या दिवशी सकाळपासून घट्ट इलॅस्टिकचे कपडे घालायचे नाहीत, अंगावर वळ उठतात. एक लांब सैल गाऊन, एक कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी घट्ट चोळी, आणि एक त्याचा शर्ट. आमचं घर दीड खोलीचं. कपाट एक, त्याची किल्ली आईच्या कमरेला. बाथरूमच्या दाराला कडी आहे पण ती बाहेरून हलवली की उघडते. अशा घरात लोशन कुठं लावायचं? मी लॅबच्या बाथरूममध्ये लावायचे आणि सगळी लॅब विचारायची, आज बदामाचा वास कुठनं येतोय. निखिलनं शर्ट कुरिअरनं पाठवला, इस्त्री करून. पार्सल बाबांनी घेतलं. "जावयाचा शर्ट इकडं कसा?" मी म्हटलं, मापाला. कसलं माप, काय माप, देव जाणे. बाबा म्हणाले, बरं बरं.

कॉर्सेट मात्र ऑनलाइन मागवता येईना, घरी पार्सल फोडल्याशिवाय आत येत नाही. म्हणून मी अक्कांकडं गेले. एकटी, लॅब सुटल्यावर. मोबाईलवर निखिलनं पाठवलेला फोटो दाखवला. फोटोतल्या बाईला डोकंच नव्हतं, मानेखालून गुडघ्यापर्यंत होती. अक्कांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"ह्या पोरीचं तोंड कुटं गेलं?"

"कापलंय अक्का. नुसता कपडा दिसावा म्हणून."

"हं. कशाला पायजे?"

"फोटो काढायचेत. बुडवा."

"बुधवार?"

"बुधवार नाही हो. बुड-वा."

"तेच की, बुधवार," म्हणत त्यांनी वहीत पेन्सिलनं लिहिलंसुद्धा. पल्लवी, बुधवार. मी म्हटलं जाऊ दे, बरंच झालं. कुणी वही बघितली तरी काय कळणार आहे?

मग टेप निघाला. "काल काय जेवली?"

"काकडी," मी म्हटलं.

"आन्?"

"अजून काकडी."

टेप थांबला. मी पोट आत ओढून उभी होते आणि अक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "बोलत राहा," म्हणाल्या. मग मी काय बोलत सुटले माझं मलाच कळलं नाही. निखिलला कंबर अठ्ठावीस पाहिजे. त्यानं तसं मॅडमना सांगितलंय. माझी तेहतीस आहे, पण सहा आठवडे आहेत, तुम्ही अठ्ठावीसचंच शिवा, मी त्यात बसेन. तो काही वाईट नाही हो, नुसता म्हणतो, तुझे दंड जरा झाकू. तो म्हणतो ते खरंच आहे ना पण. अक्कांनी सगळं ऐकलं, वहीत आकडा लिहिला, मला दाखवला नाही. एवढंच म्हणाल्या, "मी माप अंगाचं घेते. मोबाईलचं घेत न्हाय."

"अक्का, प्लीज. अठ्ठावीस."

"बरं बाई. अठ्ठावीस दिसंल असं शिवते."

त्या "दिसंल" या शब्दाकडं माझं लक्षच गेलं नाही.

आता कॉर्सेटला आत कडक पट्ट्या लागतात, नाहीतर ते नुसतं बनियन होतं. त्या पट्ट्या सोलापुरात कुठं मिळतात ते अक्कांना माहीत नव्हतं. त्यांनी शेजारच्या कारखान्यातनं टॉवेलचे गठ्ठे आवळायची प्लॅस्टिकची पट्टी आणली, निळी, तिचे तुकडे कापले, टोकं मेणबत्तीवर धरून गोल केली आणि एकेक पट्टी सॅटिनच्या दोन पदरांमधे सारली. मला दाखवत होत्या तेव्हा इतक्या खूश होत्या! "दोनशे टॉवेल आवळून ठेवतीय ही पट्टी. तुला न्हाय ठेवणार?" मी पण हसले. खरंच भारी झालं होतं. वाईन कलरचं, मागं सोळा हूक. निखिलला वाईन आवडतो.

शूट होतं रविवारी. पण अक्कांच्या वहीत होतं बुधवार. त्यामुळं अक्कांनी जिवाचं रान करून त्याच्या आधीच्या बुधवारीच ते तयार केलं आणि मला फोन केला, "ये लवकर, आज बुधवार हाय, फोटोला उशीर होईल." मी लॅबमधनं जेवणाच्या सुट्टीत पळत गेले. तिथं त्यांना सांगितलं की अक्का, रविवार आहे. त्यांनी कपाळावर हात मारला. "मग तू बुधवार बुधवार कशाला करत होती?" मी म्हटलं, असू दे, आलेच आहे तर ट्रायल घेते.

पडद्यामागं गेले. अक्कांनी मागनं हूक लावायला घेतले. मी सहा आठवडे काकडी खाऊन एकतिसावर आले होते. एकतीसची बाई अठ्ठाविसात घालायची म्हणजे काय ते मला विचारा. शेवटचे तीन हूक अक्कांनी माझ्या पाठीला गुडघा लावून ओढले. आरशात बघितलं तर खरंच फोटोतल्या बाईसारखी दिसत होते. डोकं सोडून. डोकं लाल झालं होतं.

आणि बाहेरनं आवाज आला, "अक्का, हायसा का?"

शैलाकाकू. निखिलची आई. माझी होणारी सासू. लग्नाचे ब्लाउज चांगले शिवतात म्हणून आमच्या आईनंच त्यांना अक्कांचं नाव सांगितलं होतं, आणि त्या दर बुधवारी बाजाराला आल्या की अक्कांकडं चक्कर टाकायच्या. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, पडदा ओढला आणि बाहेर गेल्या.

सोळा हूक पाठीवर. माझे हात मागं जाईनात, कारण दंडाखाली निळी पट्टी टोचत होती. वाकता येईना, बसता येईना, श्वास अर्धाच जात होता. पडदा म्हणजे जुनी साडी, त्यातनं मला काकूंचे पाय दिसत होते. म्हणजे त्यांनी खाली बघितलं असतं तर माझेही दिसले असते.

"हितं पल्लवीसारखी चप्पल दिसतीय की," काकू म्हणाल्या.

अक्का म्हणाल्या, "असल्या चपला गावभर हायत वहिनी. नवी पेठेत ढीग लागलाय. या, दंड वर करा."

म्हणजे माप. आणि माप म्हणजे, "काल काय जेवली?"

"काय जेवणार? भाकरी, दोडका."

"किती भाकरी?"

"एक."

"दुसरी का न्हाय घेतली?"

काकू हसल्या. "अहो अक्का, मला सवयच न्हाई. ह्यांना बारीक बाई लागायची. लग्नात मी अशी होते की आडवी उभी राहिले तर दिसायची न्हाई. चहात साखर मोजून. बाळंतपणानंतर हे म्हणाले, आता तू पहिल्यासारखी राहिली न्हाईस. एकदाच म्हणाले हं. चांगले आहेत ते. निखिल पण त्यांच्यावरच गेलाय."

"बोलत राहा वहिनी, कंबर चाललीय."

"काय बोलू? अजून बी ताटात दुसरी भाकरी घ्यायची झाली की मी आधी त्यांच्याकडं बघते. ते बघत पण न्हाईत माझ्याकडं, पेपर वाचत असतात. तरी मी बघते." मागांचा आवाज तेवढ्यात बंद झाला, लाइट गेली असणार, आणि काकूंचा आवाज एकदम मोठा ऐकू आला. "झालं का माप?"

"झालं," अक्का म्हणाल्या.

मी आत तशीच उभी. डोळ्यांसमोर काळं यायला लागलं होतं. भिंतीला टेकायला गेले तर हात लागून बॉबिनचा डबा पडला.

"आत कोण हाय?"

"बुधवारची पोरगी हाय एक," अक्का म्हणाल्या. "थांबा वहिनी, खडू आणते." आणि आत आल्या. माझं तोंड बघून त्यांनी हुकांना हातच लावला नाही. कपाटावरनं ब्लेड घेतलं, माझा डावा हात वर केला आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण सरळ उसवून टाकली. टर्रर्र.

"काय फाटलं?" बाहेरनं.

"फाटलं न्हाय वहिनी, उसवलं. फाटलं की कापड जातंय. उसवलं की नुसता दोरा."

श्वास आत आला तेव्हा मला रडूच फुटलं, पण आवाज न करता. मग मी खाली बघितलं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात, तुम्हाला माहीत असेलच. ब्लाउजला बोटभर माया ठेवतात, पुढं अंग भरलं तर सोडता यावी म्हणून. अक्कांनी त्या कॉर्सेटला दोन्हीकडं मिळून पाच इंच माया ठेवली होती. कापड कापलं होतं माझ्या तेहतिसाला, पट्ट्या सारल्या होत्या तेहतिसाच्या हिशेबानं, आणि वरनं नुसती लांब टाक्यांची शिलाई मारून अठ्ठावीस करून दाखवलं होतं. अक्का कानात कुजबुजल्या, "आकडा त्याचा घातला. माया तुझी ठेवली. कवा बी सोड." आणि खडू घेऊन बाहेर गेल्या.

काकू निघाल्या. दारातनं त्यांचा आवाज आला, "अक्का, पल्लवी कधी आली तर तिला सांगा, चप्पल अशी उन्हात काढू नको म्हणावं. पाय भाजतील."

त्यांना कळलं होतं. कधीपासून कळलं होतं? भाकरीचं सांगताना की त्याच्या आधी? ते अक्कांना सांगत होत्या की मला? मी अक्कांना विचारलं तर त्या बॉबिन वेचत म्हणाल्या, "ते तू त्यांनाच इचार." मी अजून विचारलेलं नाही. माझ्यात तेवढा दम नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर शूटला गेलीस कशाला? अहो, जायचं नाही हे सांगायचं कसं? बुकिंग झालेलं, निखिल रोज विचारायचा, एक्सायटेड आहेस ना? मी म्हणायचे, हो. यादीत शेवटी लिहिलं होतं, सोबत एक विश्वासू मैत्रीण आणली तरी चालेल. माझ्या मैत्रिणींच्या पोटात काही राहत नाही. मी अक्कांना घेऊन गेले. त्या इरकल नेसून, गजरा माळून आल्या. म्हणाल्या, "फोटोवाल्याकडं जायचं तर नीट जावं."

स्टुडिओ म्हणजे अपार्टमेंटमधला एक फ्लॅट. पांढरा पलंग, पांढरे पडदे, गोल लाइट. मॅडम खरंच चांगल्या होत्या, पाणी दिलं, एसी कमी केला. अक्कांनी पलंगावरची चादर उलटी करून आतली शिवण तपासली आणि मान हलवली, बरी हाय. मी आत जाऊन कॉर्सेट घातलं, तेहतिसाला सोडलेलं, वरनं गाऊन. आणि ऐका, ते अंगावर इतकं मस्त बसलं होतं की मला वाटलं, होईल, जमेल, हा एक तास निघून जाईल, कदाचित आवडेल पण.

मॅडम फॉर्म घेऊन बसल्या. "तुमच्या फॉर्मप्रमाणे सगळं सेट केलंय हं पल्लवी. आवडता रंग वाईन. आवडती फुलं ऑर्किड. दंड आणि पोट शक्यतो टाळायचं. पाठ जास्त दाखवायची."

मी फॉर्म भरलाच नव्हता. माझा आवडता रंग पोपटी आहे. ऑर्किड मी हातात धरून कधी बघितलेलं नाही. निखिलनं माझ्या नावानं सगळं भरलं होतं, अगदी 'मी लाजरी आहे' इथपर्यंत. अक्का शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "म्याडम, फोटो झाले की देणार कुणाला?"

"सरांच्या नंबरवर पाठवतो सगळे. बुकिंग सरांचं आहे. यांना अल्बम मिळेल ना."

"फोटोत सर हायत काय?"

"नाही, सर कसे असतील?"

"मग ज्याचं माप न्हाय घेतलं त्याला कपडा कसा देता?"

मॅडमना हसू आलं, मग हसणं थांबलं. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "माझ्या नंबरवर पाठवाल का? फक्त माझ्या?" त्या म्हणाल्या, मला सरांना विचारावं लागेल, आणि त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

निखिल चिडला नाही. तो चिडतच नाही. म्हणाला, "पल्लू, तुझा फोन तुझी आई बघते, म्हणून माझ्याकडं. सेफ राहतील." मी म्हटलं, मी लॉक लावीन. तो म्हणाला, "अगं, एवढं काय आहे? एक तास सहन कर की माझ्यासाठी."

सहन कर. त्यालाही माहीत होतं म्हणजे. मी रोज हो म्हणत होते आणि त्याला माहीत होतं की मी सहन करतेय.

मी म्हटलं, "मला नको."

"का? कारण सांग."

आणि मला कारण सांगता येईना! मी आत गेले, कपडे बदलले आणि अक्कांच्या मागं जिना उतरले. एकही फोटो निघाला नाही. खाली आल्यावर अक्कांनी मला रसवंतीवर नेलं आणि दोन ग्लास रस पाजला. म्हणाल्या, "काकडीनं तोंड कडू झालं असंल."

त्याला आता पंधरा दिवस झाले. निखिलनं घरी सांगितलं, पल्लवीच्या मनात काहीतरी दुसरं आहे. मग फोन, मग मामा, मग आज्या, आणि आज पाच वाजता बैठक. सगळे मला एकच विचारतायत, झालं काय? आणि मी गप्प, म्हणून सगळ्यांना वाटतंय की माझ्यातच खोट आहे. अक्का म्हणाल्या होत्या, "बैठकीला मी येते. तू भिऊ नको. मी सांगते बरोबर."

पण अक्का नाहीत. परवा त्यांचा मुलगा हैदराबादहून आला. त्याला दुसरं बाळ झालंय, सांभाळायला माणूस पाहिजे. मी गेले तेव्हा मशीन विकलेलं, जागा रिकामी, फरशीवर फक्त चार पायांचे डाग. अक्का ट्रंकेवर बसल्या होत्या. मुलगा बाहेर रिक्षा बघत होता.

मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला जायचंय का?"

"न्हाय."

"मग नको म्हणा की! मला तिथं शिकवलंत आणि स्वतः?"

त्यांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, पिशवीत टाकला. "म्हटलं असतं अम्मा. कुणी इचारलंच न्हाय." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुला तर पाच माणसं समोर बसून इचारणार हायत. आमच्या घरात अजून कुठल्या बाईला एवढं इचारलेलं न्हाय. इचारलं की सांगायचं. अर्धं सांगू नको."

रिक्षा आली. त्या गेल्या. त्यांचा फोन मुलाकडं असतो, दोनदा लावला, तो म्हणतो, आई बाळाला घेऊन बसलीय.

म्हणून मी आज दुपारी जेवताना प्रयत्न केला. अर्धंच सांगितलं, खरं आहे. म्हटलं, बाबा, माझे काही फोटो काढायचे होते आणि ते सगळे निखिलच्या फोनवर जाणार होते, मला ते नको होतं. बाबांनी आमटी भुरकली आणि म्हणाले, "मग? नवराच होणार की तो. त्यात काय बिघडलं?" मी आईकडं बघितलं. आईचा हात ताटावर तसाच थांबला होता. ती हळूच म्हणाली, "कसले फोटो?"

आणि मी उठून इथं जिन्यात आले.

आता ती खालनं हाक मारतीय. तिसऱ्यांदा. कांदे चिरून झालेत वाटतं. बाबा आंघोळीला गेलेत, म्हणजे ती एकटी आहे. मी खाली जाणार आहे आणि कसले ते पहिल्यापासून सांगणार आहे, लोशनपासून. पण मला लई भीती वाटतीय, म्हणून विचारते. तुमच्या बाबतीत झालंय का असं? की सगळे कारण विचारतायत, कारण तुमच्याकडं आहे, शंभर टक्के आहे, पण तुमच्या घरात ते आजवर कुणी बोललेलंच नाही? तुम्ही पहिलं वाक्य काय म्हणालात? आणि तुमची आई काय म्हणाली?